एकशे पंचावन्न सेंटिमीटर

भूल देणाऱ्या डॉक्टरला पेशंट उभा असलेला क्वचितच दिसतो. आदल्या दिवशी वॉर्डात तपासायला जावं तर तो खाटेवर मांडी घालून बसलेला असतो. थिएटरमध्ये स्ट्रेचरवर आडवा येतो आणि स्ट्रेचरवरच परत जातो. मधल्या वेळात आमची जागा त्याच्या डोक्याशी. छातीच्या जरा वर हिरवं कापड आडवं बांधलेलं, आणि कापडापलीकडे सर्जन लोकांचं राज्य. शिकत होते त्या तीन वर्षांत मी माणसांच्या हनुवट्या, दात आणि माना इतक्या पाहिल्या की आजही लग्नात कुणाची आखूड मान दिसली की याला नळी घालताना घाम फुटेल, असं मनात येऊन जातं. पाय मात्र मी कुणाचेच नीट पाहिलेले नाहीत. पुढं जे झालं त्याला मी पुष्कळ दिवस हेच कारण देत होते. कारण खरं आहे, पण माझी सुटका व्हावी इतकं ते मोठं नाही.

आमच्या थिएटरमध्ये सकाळी मशीन तपासून लावायचं काम मामांचं. सरकारी दवाखान्यात सगळे वॉर्डबॉय मामाच असतात, तसे हेही. एका श्वासाला पाचशे मिलिलिटर हवा आणि मिनिटाला बारा श्वास, एवढं लावून ते सांगायचे, "म्याडम, पाचशे-बारा लावलंय." वाळूजच्या कारखान्यातला धिप्पाड गडी टेबलावर असो, की कुणाची मूठभर सासू असो, पाचशे-बारा. बायकांसाठी एखादा शिकवणारा फार तर साडेचारशे करायचा आणि आपण फार बारकाईनं काम करतो असा चेहरा करायचा.

माझा थीसिस या पाचशे-बाराच्याच विरुद्ध होता. भूल दिल्यावर माणसाचा श्वास मशीन घेतं. एका श्वासात गरजेपेक्षा जास्त हवा ढकलली तर फुप्फुसातल्या बारीक पिशव्या ताणल्या जातात आणि ऑपरेशन चांगलं होऊनही पेशंट नंतर छातीच्या त्रासानं आडवा पडतो. म्हणून हवा कमी द्यायची, श्वास सोडतानाही थोडा दाब टिकवायचा, म्हणजे पिशव्या मिटत नाहीत. जगात यावर पुष्कळ काम झालंय, मी काही नवा शोध लावत नव्हते. आपल्या इथल्या माणसांत, आपल्या जुन्या मशीनवर हे जमतं का, एवढंच मला पाहायचं होतं. पोटाची मोठी ऑपरेशनं घ्यायची, बंद पाकीट उघडायचं आणि चिठ्ठीत निघेल त्या गटात पेशंट टाकायचा. एका गटाला नेहमीसारखी हवा, दुसऱ्याला मोजून. या दुसऱ्या गटाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, मराठीत संरक्षित गट. माझ्या वहीत मी त्याला सांभाळलेला गट म्हणायचे.

मोजून म्हणजे वजनावर नव्हे, उंचीवर. पोट सुटलं म्हणून कुणाचं फुप्फुस वाढत नाही आणि उपासमारीनं ते आक्रसत नाही. बाई की पुरुष आणि उंची किती, एवढ्यावर हिशेब बसतो. हे मी एका वर्षात इतक्यांना समजावलं की सर्जन मंडळी मला पाहिलं की आपली उंची सांगू लागली. माझा थीसिस एका आकड्यावर उभा होता, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही तो आकडा मी स्वतः एकदाही मोजला नाही. वॉर्डाच्या कागदावर 'उंची' असा रकाना होता आणि तो भरलेला असायचा. मी तो उतरवून घ्यायचे.

त्या आजी अजिंठ्याकडच्या एका खेड्यातून आल्या होत्या. मोठ्या आतड्यात गाठ होती. वय साठीच्या आसपास, त्यांना नक्की सांगता येत नव्हतं. मी गेले तेव्हा त्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन, डोक्यावरून पदर घेऊन बसल्या होत्या. जवळ लेक होती. ती वाळूजला एका कारखान्यात पॅकिंगला होती आणि रजा काढून आली होती. नवरा नाही, भाऊ नाही, या दोघीच एकमेकींना.

संमतीचा कागद समजावणं हे आमच्याकडं मोठं जिकिरीचं काम. 'मशीन' हा शब्द उच्चारला की माणसं हबकतात. मशीनवर टाकलं म्हणजे संपलं, हा लोकांचा अनुभव आहे आणि तो अगदीच खोटा नाही. म्हणून मी त्या शब्दाला वळसा घालायचे. आजी झोपेत असताना त्यांचा श्वास आम्ही देणार, तो नेहमीसारखा द्यायचा की कमी कमी आणि सांभाळून द्यायचा हे चिठ्ठीवर ठरणार, असं मी लेकीला सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. दोन प्रश्न विचारले, तेही बऱ्याच शिकलेल्या नातेवाइकांना सुचत नाहीत असे. मग सही केली. आजी मध्येच म्हणाल्या, की मला काय कळतंय, पोरगी म्हणल तसं.

दुसऱ्या दिवशी पाकिटातून सांभाळलेला गट निघाला. मला बरं वाटलं. असं वाटायला नको, संशोधन करणाऱ्यानं कुणाची बाजू घ्यायची नसते, पण वाटलं. शिवाय थिएटरच्या दाराशी लेक उभी होती, तिला मी ते सांगूनही टाकलं. आईला सांभाळून श्वास देणाऱ्या बाजूला चिठ्ठी निघाली, असं म्हणाले. तिनं माझे दोन्ही हात धरले.

कागदावर उंची होती एकशे पंचावन्न. त्यावरून हिशेब केला, मामांनी लावलेलं पाचशे खाली आणून तीनशे पस्तीसवर ठेवलं आणि श्वास बाराचे पंधरा केले. चार तास ऑपरेशन चाललं. मध्ये दोनदा छातीतला दाब मला हवा होता त्यापेक्षा जास्त दिसला. नळी तपासली, नळीत वाक नव्हता. सर्जननं पोटात कापडाच्या घड्या भरल्या होत्या, त्यानं छाती-पोटामधला पडदा वर ढकलला जात असेल असं मी ठरवलं आणि कागदावर तसं लिहिलं. आजींची फुप्फुसं मला जे सांगत होती त्याला मी सर्जनच्या घड्यांचं नाव दिलं. ऑपरेशन संपल्यावर त्या जाग्या झाल्या, नाव विचारल्यावर नाव सांगितलं. मी समाधानानं जेवायला गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. एक्स-रेत दोन्ही बाजूंना पांढरे ढग दिसत होते. त्यांना आयसीयूत हलवलं आणि पुन्हा नळी घालावी लागली. या वेळी लेकीला मशीन हा शब्द सांगावाच लागला. तिच्याशी बोलायला मी गेले नाही, आयसीयूचे लोक बोलले.

त्याच दुपारी आयसीयूतल्या माझ्या बॅचच्या डॉक्टरचा फोन आला. त्याला एक चांगली सवय होती. मशीनवरच्या प्रत्येक पेशंटला तो आडवा असतानाच टाचेपासून टाळूपर्यंत शिंप्याच्या टेपनं मोजायचा. त्यावरून आम्ही त्याची टिंगल करायचो, ब्लाउज शिवणार का म्हणून विचारायचो. तो म्हणाला, "तुझ्या शीटवर एकशे पंचावन्न आहे. मी दोनदा मोजलं. एकशे एक्केचाळीस."

मी म्हटलं, नीट मोज. त्यानं तोच आकडा पुन्हा सांगितला.

हिशेब डोक्यातल्या डोक्यात झाला, इतका तो पाठ होता. एकशे एक्केचाळीसच्या बाईला मी सव्वादोनशे, फार तर अडीचशे द्यायला हवी होती. तीनशे पस्तीस दिली, चार तास, मिनिटाला पंधरा वेळा. सांभाळलेला गट असं वहीत लिहून मी त्यांना पाचशे-बारावाल्यांसारखंच वागवलं होतं. मामांनी निदान तसं काही लिहिलं नसतं.

वॉर्डात गेले. तिथल्या सिस्टर माझ्या आईच्या वयाच्या, एकटीनं पन्नास-साठ पेशंट ओढणाऱ्या. मी विचारलं, उंची कशी मोजता? त्यांनी कोपऱ्यातला वजनकाटा दाखवला. त्याची उंचीची दांडी केव्हाच तुटलेली, नुसता खुंट राहिलेला. मग त्यांनी जे सांगितलं त्यात लपवाछपवी अजिबात नव्हती.

"बायांला एकशे पंचावन्न लिवतो, गड्यांला एकशे पासष्ट. रकाना मोकळा ठिवला की वरून बोलणं बसतं. आजवर उंची कुणी इचारलीच नाय बाई, समदे वजनच बघतात."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण उंची बघणारी त्या अख्ख्या इमारतीत एकटी मी होते, आणि वर्षभर मीसुद्धा त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्यांनी मला चहा दिला, तो प्यायले.

खोलीवर येऊन मी माझे सगळे फॉर्म जमिनीवर पसरले. पत्त्याच्या रकान्यात कुणी शहराचं जुनं नाव लिहिलेलं, कुणी नवं. वजनं वेगळी, वयं वेगळी, आजार वेगळे. आणि उंची एकशे पंचावन्न, एकशे पंचावन्न, एकशे पासष्ट, एकशे पंचावन्न. मधूनच एखादं एकशे छप्पन्न, बहुधा कुणा हौशी नव्या सिस्टरचं. इतक्या बायका साच्यातून काढल्यासारख्या एका उंचीच्या आणि ते कागद महिनोन्महिने हाताळणाऱ्या मला ते दिसलं नाही. मी आकडे उतरवत होते, वाचत नव्हते. त्या दिवशी मला माझी जेवढी चीड आली तेवढी नंतर कधी कुणाची आली नाही.

आजी नवव्या दिवशी गेल्या.

माझ्या चुकीनं गेल्या का? हे मला आजही सांगता येत नाही. आयुष्यभर चुलीसमोर बसलेली छाती होती, अंगात रक्त कमी होतं, गाठ जुनी होती. माझ्या गाइड सरांनी हे सगळं मला मोजून दाखवलं. चार तासांत तेवढ्या हवेनं कुणी मरत नाही, असं ते म्हणाले, आणि दुसऱ्याच वाक्यात म्हणाले, पण मरणाऱ्याला त्यानं मदत होत नाही असं मी म्हणणार नाही. सर खरं बोलत होते. त्यामुळेच पुढचं त्यांचं बोलणं मला जास्त लागलं. ते म्हणाले, ही केस काढून टाक. ठरवलेलं दिलं गेलं नाही, तेव्हा ती मोजायची नाही, तसं कारण लिहिता येतं.

मी नाही म्हणाले. चिठ्ठी ज्या गटाची निघाली त्याच गटात पेशंट शेवटपर्यंत मोजायचा, मग प्रत्यक्षात त्याला काहीही मिळालेलं असो, हा नियम सरांनीच मला शिकवला होता. नाहीतर जो तो आपल्याला नडणारी माणसं गाळत सुटेल. आजी गेल्या त्या सांभाळलेल्या गटात गेल्या आणि तसंच लिहिलं जाईल, असं मी सरांना सांगितलं. आवाज चढला होता. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि मग बाकीच्यांच्या उंचीचं काय, म्हणून विचारलं.

बाकीच्यांना मी शोधून मोजलं. टाके काढायला, तपासायला जे येत होते त्यांना भिंतीला उभं केलं. जे येत नव्हते त्यांना फोन केले. वाळूजचे कामगार सुटीच्या दिवशी आले. करमाडच्या एका गृहस्थांकडं मीच गेले, कारण त्यांचा गुडघा धरला होता. आपण साडेपाच फूट आहोत असं ते आयुष्यभर सांगत आले होते, निघाले सव्वापाच. बायकोसमोर मोजलं म्हणून ते माझ्यावर इतके रागावले, की चहा आला तो फक्त बायकोच्या आग्रहानं. काही जण सापडलेच नाहीत. मोजत गेले तसं एक उघड होत गेलं. पुरुषांचं फारसं बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते बुटक्या बायकांचं, आणि आमच्याकडं येणाऱ्या म्हाताऱ्या बायका बहुतेक बुटक्याच. ज्यांना सांभाळायला हा सगळा खटाटोप होता, नेमक्या त्याच सुटल्या होत्या.

नंतर दोनेक महिन्यांनी रेकॉर्ड रूमच्या बाहेर आजींची लेक दिसली. अंगात कारखान्याचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. आईच्या मृत्यूच्या दाखल्यात वय चुकलं होतं, ते दुरुस्त करायला ती तिसऱ्यांदा आली होती. मला पाहून ती उभी राहिली. मी तिला नुसती ओळख देऊन पुढं जाऊ शकले असते. नाही गेले. तिला जिन्याखालच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. तुटलेली दांडी, एकशे पंचावन्न, मी न मोजलेलं, जास्त गेलेली हवा. सरांनी सांगितलेली आजाराची कारणंही सांगणार होते, पण ती तोंडातून आली नाहीत.

तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "मला इचारायचं ना म्याडम. मी दारातच उभी व्हते."

मी म्हटलं, हो.

"आई माझ्या खांद्याला बी लागत नव्हती. तिचे झंपर मीच शिवते. मापं पाठ हायेत मला." ती थांबली. "शिवत व्हते."

मोजलं असतं तर आई जगली असती का, हे ती विचारील म्हणून मी उत्तर जुळवून ठेवलं होतं. तिनं ते विचारलंच नाही. तिनं विचारलं, तुमच्या पुस्तकात आईचं काय लिवणार? मी तिला नियम समजावला. चिठ्ठी सांभाळून श्वास देणाऱ्या बाजूची निघाली होती, म्हणून त्याच बाजूला आई मोजली जाणार, कुणाला वगळायचं नाही, त्यालाच प्रामाणिकपणा म्हणतात. मला खरंच वाटत होतं की मी तिच्या आईसाठी सरांशी भांडले आहे आणि हे ऐकून तिला थोडं बरं वाटेल.

"म्हंजी आईला सांभाळलं असं लिवणार?"

"तसं नाही. गटाचं नाव तसं आहे."

"सांभाळलं नाय ना पर तिला." तिचा आवाज अजिबात वाढला नाही. "तुमच्या कागदावर व्हतं, कवाबी बाहेर पडता येतं, कारन बी सांगायचं नाय. तुमीच वाचून दावलं. मंग मी आईला बाहेर काढते. तिला सांभाळलं असं लिवलेलं मला नगं."

मी तिला सांगायचा प्रयत्न केला, की असं केलं तर आईचं मरण कुठंच मोजलं जाणार नाही. तुटक्या दांडीबद्दल मी थीसिसमध्ये लिहीन, पण तिथं आई नसेल. आणि ज्या गटासाठी मी धडपडत होते त्यातला एकमेव मृत्यू निघून जाईल, माझं काम उलट जास्तच चांगलं दिसेल, हेही सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित तिनं मन बदललं असतं. मी तिच्याकडं कोरा कागद मागितला, तिनं पिशवीतून काढला. त्यावर तिनं दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. मग ती दाखल्याच्या खिडकीकडं गेली, कारण जेवणाची सुटी व्हायला आली होती.

कागद पाहून सर म्हणाले, नातेवाइकाचा हक्क आहे, आपल्याला मानावाच लागेल. पहिल्याच दिवशी ते जे सुचवत होते तेच झालं, पण त्यांनी त्याचा उच्चार केला नाही. मी आजींचा फॉर्म गठ्ठ्यातून काढला. उंचीची सगळी कथा एका वेगळ्या परिच्छेदात लिहिली, स्वतःचा दोष स्वच्छ शब्दांत लिहिला. आजींबद्दल एकच ओळ उरली, नातेवाइकाच्या विनंतीवरून एक रुग्ण अभ्यासातून कमी.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. उंचीचा परिच्छेद त्यांना आवडला, असं कबूल करायला धाडस लागतं म्हणाले. मग पान उलटून त्यांनी त्या एका ओळीवर पेन ठेवलं आणि हा पेशंट का कमी झाला, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुलीची इच्छा होती. ऑपरेशनला घाबरले असतील, होतं असं, असं ते स्वतःशीच म्हणाले. मी त्यांना दुरुस्त करायला श्वास घेतला, सरांकडं पाहिलं आणि तो तसाच सोडून दिला.

परीक्षकांनी निकालाचा तक्ता उघडला, बोट खाली खाली नेलं.

"म्हणजे संरक्षित गटात मृत्यू एकही नाही."

"नाही सर," मी म्हटलं.

त्यांनी समोरच्या कागदावर गुण मांडले आणि मला पुढचा प्रश्न विचारला.